आजींना खरूज नव्हतीच

निफाडकडची थंडी ज्यांना माहितीय त्यांना वेगळं सांगायला नको, काही वर्षी पहाटेचा पारा ५ च्याही खाली जातो. मी तिथल्याच एका गावात दवाखाना चालवते आणि या दिवसांत अंग खाजतंय म्हणून येणारे पेशंट खूप असतात. त्यातल्या एका आजींची गोष्ट लिहायचीच होती.

वय ७२. पहिल्यांदा आल्या तेव्हा गर्दी होती, त्यांनी हात पुढे केले, मी विचारलं रात्री जास्त खाजतं का, त्या हो म्हणाल्या, आणि मी खरजेचं परमेथ्रिन हे मलम लिहून मोकळी झाले. पायावरची साडी वर घ्या एवढंही म्हटलं नाही. चूक माझीच.

दोन आठवड्यांनी सुनेबरोबर परत आल्या तर स्टुलावर बसेनात. म्हणाल्या, "नको पोरी, दुसऱ्याला लागंल." तेव्हा कळलं की माझ्या एका शब्दावरून घरात त्यांचं अंथरूण वेगळं झालंय, ताटवाटी वेगळी झालीय, आणि तीन वर्षांची नात जी रोज त्यांच्या गोधडीत झोपायची तिला जवळ जाऊ देत नाहीयेत. सुनेचंही काय चुकलं, डॉक्टरनेच खरूज म्हटल्यावर ती दुसरं काय करणार. आणि आजी बिचाऱ्या लवकर बरं व्हावं म्हणून बंबातल्या कढत पाण्यात कडुनिंबाचा पाला घालून दिवसातनं दोनदा अंघोळ करत होत्या, वर जंतुनाशक साबण, वर वज्रीनं घासणं.

हाताला धरून बसवलं आणि नडग्या बघितल्या. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात तशा बारीक लाल भेगांची जाळी, मध्ये पांढुरक्या खपल्या. नख ओढलं की खडूसारखी रेघ. बोटांच्या बेचक्या, मनगटं, बेंबीजवळ, सगळं स्वच्छ. घरात आणखी कुणाला खाज? कुणालाच नाही. हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता, कारण एका घरात राहून खरूज सहसा एकट्यापुरती राहत नाही. हा कोरड्या त्वचेचा एक्झिमा, म्हणजे इसब होता, म्हातारपणी थंडीत होतो तो.

सुनेला म्हटलं, तुपाचं भांडं आपण गरम पाणी आणि साबणानं का घासतो, तुपकटपणा जावा म्हणूनच ना? मग अंगाचंही तेच होणार. वयानं त्वचेतलं तेल आधीच कमी झालेलं, जे उरलंय तेही धुऊन जातं, मग आतलं पाणी धरून ठेवायला काही राहत नाही आणि खाज सुटते. त्यात त्वचेचा पीएच (आम्लता मोजायचं माप) साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल, आणि आपल्या नेहमीच्या साबणाचा ९ ते १०, म्हणजे अगदी उलट.

मग ठरलं ते असं की अंघोळ एकदाच, कोमट पाण्यानं, पाचदहा मिनिटांत उरकायची, साबण फक्त काखेत, जांघेत आणि पावलांना. वज्री बंद. अंग टिपून घ्यायचं आणि ओलसर असतानाच साधं व्हॅसलीन लावायचं, तेही खाटेवर बसून, कारण तेलकट पायानं मोरीत घसरून हाड मोडलेल्या बायका मी बघितल्यात. नडग्यांना सौम्य स्टेरॉइड मलम, फक्त एक आठवडा. (मेडिकलमधनं मनानं आणलेली ट्यूब महिनोन्महिने चोळू नका हो, त्वचा पातळ होते.) शुगर आणि थायरॉइडही तपासलं, दोन्ही नॉर्मल.

आणि आजींसमोरच सुनेला स्पष्ट सांगितलं की हे कुणाला लागत नाही, माझं निदान चुकलं होतं. आजी काही बोलल्या नाहीत, फक्त स्टुलावर नीट मागे सरकून बसल्या.

पंधरा दिवसांनी आल्या तेव्हा नडग्या मऊ होत्या, टाचांच्या भेगा तेवढ्या राहिल्या होत्या म्हणून युरियाचं क्रीम दिलं. नात मांडीवर होती. निघताना सुनेनं हळूच स्वतःचे हात पुढे केले, द्राक्षाच्या डिपिंगनं, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवून बुडवून, बोटं उललेली, म्हणाली, "मॅडम, मला पण तेच चालंल का?" तिला बसवलं आणि या वेळी दोन्ही हात उजेडात धरून नीट बघितले.