जिमीन कुणी कापली?

माण तालुक्यातली आमची शाळा दोन शिक्षकी आहे. तिसरी आणि चौथी माझ्याकडे, दोन्ही एकाच खोलीत. चौथीची मुलं वाचनात चांगली आहेत. उतारा द्या, खालचे प्रश्न द्या, उत्तरं उताऱ्यातून बरोबर उचलून देतात. त्या दिवशीही भूजलावरचा मी फळ्यावर लिहिलेला उतारा त्यांनी घडाघडा वाचला. 'पावसाचे पाणी माती व मुरमातून खाली झिरपते. मुरमाच्या कणांमधल्या जागेत आणि खडकाच्या भेगांत ते साठते.' पाणी कोठे साठते? सगळे हात वर, सगळी उत्तरं बरोबर. परीक्षेत पैकीच्या पैकी गुण पडले असते.

मग मी चार्ट टांगला. वर डोंगर, ढग, झाडं. खाली जमीन उभी कापलेली, तिचे तपकिरी, पिवळट, करडे थर. मधोमध ठसठशीत निळा पट्टा, त्यावर 'भूजल' असं लिहिलेलं, आणि बाजूला त्या पट्ट्यापर्यंत गेलेली विहीर.

"बाई, जिमीन कुणी कापली?" तिसरीतल्या एका मुलीनं विचारलं. हा धडा तिचा नव्हताच, ती पलीकडं बसून पाढे लिहीत होती.

वर्ग हसला. मला मात्र प्रश्न रास्त वाटला. आपण इतकी छेदचित्रं पाहिलेली असतात, की जमीन अशी समोरून कधीच दिसत नाही हे लक्षातही येत नाही. पुढचा प्रश्न चौथीतला होता. "ह्या खालच्या तळ्यात मासं असत्यात का वो?" त्यावर दुसरा म्हणाला, तळं नाही, नदी आहे. त्यांच्या रानात पाणाड्या आला होता, तळहातावर नारळ ठेवून फिरला, नारळ उभा राहिला तिथं म्हणाला, खाली नदी वाहतीय. मग तिथंच बोअर मारली.

पाच मिनिटांपूर्वी ह्याच मुलांनी 'कणांमधल्या जागेत आणि भेगांत' असं उत्तर दिलं होतं! ते वाक्य पाठ होतं, पण डोळ्यासमोर काही नव्हतं. निळा पट्टा समोर आला आणि वाक्य बाजूला पडलं. चित्र दाखवलं की मुलांना कळतं, असं आपल्याकडं सरसकट समजतात. चित्रकारानं तरी काय करावं? थर कुठे आणि पाण्याची पातळी किती, हे त्याला दाखवायचं होतं, ते त्यानं नीट दाखवलंय. ते पाणी मोकळं नसून दगडामातीच्या फटींत आहे, हे मजकूर सांगतो. एकाचं काम दुसऱ्यानं होत नाही, आणि आम्ही मात्र आधी मजकूर संपवून मग चित्राकडं वळतो.

शाळेमागच्या ओढ्याला पावसाळ्यात दरड सुटली होती. दोन्ही वर्ग घेऊन तिथं गेलो, चार्टसकट. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड, त्याला आडव्याउभ्या भेगा. दोन मुलांनी चार्ट दरडीशेजारी धरला.

"ओढ्यानं कापली!" तिसरीतल्या त्याच मुलीला उत्तर सापडलं.

पाऊस सरून फार दिवस झाले नव्हते, त्यामुळं मुरूम संपून काळा दगड सुरू होतो तिथं ओल होती. मुलांनी बोटं लावून पाहिली. निळं कुठंच नव्हतं. ह्यावर बराच गलका झाला.

वर्गात परत आल्यावर काचेच्या बरणीत मुरूम भरला. मधोमध भोकं पाडलेली छोटी बाटली उभी केली, ती आमची विहीर. वरून तांब्यानं हळूहळू पाणी ओतलं. मुरूम खालून ओला होत काळपट झाला, ती रेघ वर चढत गेली आणि बाटलीतही तेवढंच पाणी आलं. "म्हंजे हिरीत आलं तेवढंच मोकळं पानी, बाकीचं फटीत," एकानं वाक्य केलं. फळ्यावरच्यापेक्षा चांगलं होतं, मी माझं पुसून ते लिहिलं.

नंतर चार्टवर आकडे घातले. ही युक्ती माझी नाही. डी.एड.ला कोमेनियस हा सतराव्या शतकातला युरोपातला शिक्षणतज्ज्ञ अभ्यासाला होता. त्याचं मुलांसाठीचं सचित्र पुस्तक १६५८ मध्ये न्यूरेंबर्गला निघालं. चित्रातल्या वस्तूला क्रमांक आणि तोच क्रमांक मजकुरातल्या शब्दाला, अशी त्याची सोय होती. साडेतीनशे वर्षांनंतरही माणमध्ये चालते. माती १, मुरूम २, भेगा... आणि तिथं मुलं अडली. भेगांचा आकडा लावायला चार्टवर भेगाच नव्हत्या. चार्ट जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत, चढवलेला असल्यानं त्यावर पेन चालवायची सोय नव्हती. मुलांनी निळ्या पट्ट्याएवढा कागद कापला, त्यावर खडे आणि भेगा काढल्या आणि तो टाचणीनं लावला. मुख्याध्यापकांनी पाहिलं, टाचणी निघते ना एवढं विचारलं आणि गेले.

शेवटच्या तासाला सगळ्यांना आपापल्या रानाचं चित्र काढायला सांगितलं, खाली दोन ओळी. बहुतेकांनी विहिरी काढल्या. पाणाड्यावाल्या मुलानं बोअर काढली, कागदाच्या तळापर्यंत गेलेली सरळ रेघ. ती बोअर तीनशे फुटांवरही कोरडीच गेली, हे तेव्हा त्यानं सांगितलं. रेघेच्या डावीकडं त्यानं एक जाड वाकडी भेग काढून निळी रंगवली होती, रेघेला कुठंही न लागणारी. खाली लिहिलं होतं, 'बोर खोल आहे. भेग बाजूला आहे.'

"भेग तिथंच आहे हे तुला कसं कळलं रे?" मी विचारलं.

"कळलं न्हाय बाई, काढलीय. आसंल तर आशी आसंल." मग त्यानं खोडरबर घेतला, निळा रंग पुसला आणि त्या जागी प्रश्नचिन्ह काढलं.