मिरजेहून आलेलं पाणी

त्या शनिवारी तपासायला घेतलेल्या चारपैकी तीन निबंधांचं पहिलं वाक्य शब्दशः एकच होतं. दुसऱ्या परिच्छेदात तिघांकडेही एडिसन आणि त्याचा दिवा. पुण्यात मी अकरा वर्षं जीआरईचं, म्हणजे परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेचं, लेखन शिकवते, मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे साचे मला लगेच ओळखू येतात. हा साचा मात्र माझाच होता. घाबरलेल्या एका बॅचला धीर यावा म्हणून मीच तो कधीकाळी पानभर लिहून दिला होता. मला फार वाईट वाटलं.

तिघांतला एक लातूरचा. गणिताच्या सराव परीक्षेत १७० पैकी १६८, आणि लेखनात मी दिलेले ६ पैकी ३. "मॅडम, चारशे ऐंशी शब्द लिहिलेत की," तो म्हणाला. सांगितलं तसंच त्यानं केलं होतं, मग गुण का गेले हे त्याला कळत नव्हतं.

विषय जीआरईच्या जाहीर यादीतलाच होता: सरकारांनी उद्याच्या संभाव्य अडचणींपेक्षा आजच्या अडचणी सोडवण्यावर भर द्यावा का? सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आखूड झाली, तेव्हा दुसऱ्याच्या युक्तिवादातल्या फटी शोधायचा निबंध गेला आणि तीस मिनिटांचा हा एकच उरला. गेलेला निबंध मला जास्त प्रिय होता. समोरचा युक्तिवाद नीट वाचल्याशिवाय त्यात एक परिच्छेदही धड लिहिता येत नसे.

मी कीबोर्ड बाजूला सारला. "इंग्रजी राहू दे. तुमच्याकडे असं कधी घडलं का, ते मराठीत सांग."

बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, "२०१६ ला मी आठवीत होतो."

लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलेलं. पाणी भरायच्या जागी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला टाक्यांचे दहा डबे, पाच लाख लिटर. हा वडिलांबरोबर ती गाडी बघायला गेला होता. "त्या दिवशी कुणी म्हटलं असतं की आधी भूजलाचं बघू, तर लोकांनी त्याला हाकलून दिलं असतं. अन् बरोबरच होतं ते. पण मग पाऊस झाला चांगला, अन् सगळे विसरले. काकांनी परत ऊस लावला. बोअर आणखी खोल नेला." तो थांबला. "माझी फी त्या उसातूनच भरली पण."

माझ्या अंगावर काटा आला. एक बाजू घ्यायची, तिच्याविरुद्धचं सगळ्यात जड कारण स्वतःच पुढे आणायचं आणि ते टाळून न जाता त्याला सामोरं जायचं, हे मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिलंय. त्यानं ते न शिकवता केलं होतं.

"हेच लिही."

"लातूर कुणाला माहीत असतंय तिथं?"

"एका वाक्यात सांग. तुझा निबंध एक संगणक प्रोग्राम तपासतो, तसा एक माणूसही वाचतो. त्या माणसानं लातूर पाहिलेलं नसेल, पण एडिसन त्यानं आज किती वेळा वाचला असेल?"

घड्याळ लावलं. परीक्षेतल्यासारखाच साधा एडिटर, शुद्धलेखन तपासणी नाही. 'ग्राउंडवॉटर' त्यानं दोन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी लिहिलं. सुरुवातीची सात-आठ मिनिटं त्यानं एक अक्षरही टाइप केलं नाही, तेव्हा माझाच जीव खालीवर होत होता. मग तो सुटला तो थांबलाच नाही. वेळ संपली तेव्हा शब्द तीनशे चाळीसच झाले होते आणि काकांबद्दलचं शेवटचं वाक्य अर्धवट राहिलं होतं.

मी ४.५ दिले. त्यानं गुणांकडे पाहिलंच नाही. वाक्य पुरं करू का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं आणि तो लिहीत असताना लॅपटॉपवरची माझी ती साच्याची फाइल काढून टाकली.