बालेवाडी, विलारेआल आणि घरचा सामना

बुधवार, २२ ऑक्टोबर २०२५, पाडवा

मायामीचा सामना रद्द झाला! काल रात्री उशिरा जाहीर झालं, मला आज सकाळी कळलं, आणि पाडवा खऱ्या अर्थाने गोड झाला.

विलारेआल विरुद्ध बार्सिलोना हा फुटबॉलचा सामना २० डिसेंबरला अमेरिकेत, मायामीच्या हार्ड रॉक स्टेडियमवर खेळवायचा घाट स्पॅनिश लीगने घातला होता. मैत्रीपूर्ण सामना नव्हे, साखळीतला, गुण मोजला जाणारा सामना. यजमान कोण, तर विलारेआल. म्हणजे कागदावर सामना त्यांच्या घरचा आणि खेळायला जायचं समुद्र ओलांडून.

हे विलारेआल म्हणजे जेमतेम पन्नास हजार वस्तीचं गाव. आपल्याकडे तालुक्याचं गाव असतं तेवढं. तिथला मोठा उद्योग फरशा आणि टाइल्सचा, म्हणून स्टेडियमचं नावही ला सेरामिका. त्यात तेवीस हजारांच्या आसपास माणसं बसतात. अशा गावात वर्षातून एकदा बार्सिलोना येते तेव्हा तिथल्या पोरांना काय वाटत असेल, ते मला कुणी समजावून सांगायला नको. क्लबने सीझन तिकीटवाल्यांना मायामीचा प्रवास फुकट देऊ केला होता. पण दुकान, नोकरी, म्हातारे आईवडील सोडून नाताळच्या तोंडावर अमेरिकेला कोण जाणार? ज्याला गल्लीतून चालत सामन्याला जायची सवय आहे त्याला विमानाचं तिकीट देऊन भरपाई होत नाही.

आणि खेळाच्या दृष्टीनेही हे चुकीचंच होतं. वीस संघांच्या साखळीत प्रत्येकाला घरचे १९ आणि बाहेरचे १९ सामने, हा सगळ्या व्यवस्थेचा पाया. बाकीच्या संघांना ला सेरामिकाच्या गोंगाटात खेळावं लागणार आणि बार्सिलोनाला तेवढं नाही. मग गुणतक्त्यात शेवटी एका गुणाचा फरक पडला तर तो कुणाच्या खात्यावर मांडायचा?

गेल्या आठवड्यात स्पेनमधल्या खेळाडूंनी जे केलं त्याचं मला फार कौतुक वाटलं. सामना सुरू झाल्याची शिट्टी वाजली की पंधरा सेकंद सगळे जागच्या जागी उभे. ओव्हिएदो-एस्पान्योल सामन्यापासून सुरुवात झाली आणि मग मैदानामागून मैदानं. टीव्हीवर मात्र त्या पंधरा सेकंदांत स्टेडियमची बाहेरून घेतलेली दृश्यं दाखवत होते. संताप आला. उभं राहण्याचा निषेधसुद्धा लोकांना दिसू द्यायचा नाही!

रद्द करण्याची घोषणासुद्धा केली ती विलारेआलचा मँचेस्टर सिटीशी चॅम्पियन्स लीगचा सामना चालू असताना. खेळाडू मैदानात, प्रेक्षक खुर्च्यांवर, आणि त्यांच्याच सामन्याचा निर्णय भलतीकडून येतो. त्यांचे प्रशिक्षक मार्सेलिनो चिडले ते बरोबरच आहे. सामना नेताना विचारलं नव्हतं, परत आणतानाही विचारलं नाही.

दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर यावरूनच वाद झाला. आमच्याकडचा एकजण बार्सिलोनाचा कट्टर भक्त. मेस्सीपासूनचा. त्याचं म्हणणं असं: "आम्ही रात्री दीड-दोन वाजता उठून सामने बघतो, जर्सी विकत घेतो, वर्गणी भरतो. आमच्याच पैशावर हे क्लब मोठे झाले. मग वर्षातून एक सामना आमच्या दारात आला तर बिघडलं काय? उद्या मुंबईत आणला तर तू जाणार नाहीस का?"

त्याचं म्हणणं मी धुडकावून लावणार नाही. हजारो मैलांवरून केलेलं प्रेम खोटं नसतं. माझंही स्पेनशी नातं टीव्हीचंच आहे. पण मी त्याला एवढंच लिहिलं, की सराव सामना आणा, मी पहिल्या दिवशी तिकीट काढेन. साखळीतला सामना मुंबईत आला, तर तो कुणाकडून तरी काढून घेतलेला असेल. मी ज्या खुर्चीत बसेन ती विलारेआलमधल्या कुणाची तरी असेल, आणि त्या माणसाला कुणी विचारलेलं नसेल. तसं बसून मला टाळी वाजवता येणार नाही.

त्याने अंगठा पाठवला. पटलं की नाही, माहीत नाही.

पर्थचा सामना अजून उभाच आहे. मिलान विरुद्ध कोमो, फेब्रुवारीत, ऑस्ट्रेलियात. कारण दिलंय की हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनासाठी मिलानचं सान सिरो स्टेडियम अडकलेलं असेल. असेलही. पण इटलीत दुसरं स्टेडियम नाही का? युएफाने मायामी आणि पर्थ या दोन्हींना परवानगी देताना नाइलाज असल्याचं म्हटलं होतं. युरोपातला फुटबॉल चालवणारी सगळ्यात मोठी संस्थाच हात टेकते, तेव्हा शेवटी खेळाडू आणि प्रेक्षकच उरतात.

गुरुवार, २३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

धाकटा सकाळी मडगावहून रात्रीच्या गाडीने आला. घसा पूर्ण बसलेला. काल मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर एफसी गोवा आणि सौदीचा अल नस्र, आशियाई चॅम्पियन्स लीग टू, म्हणजे आशियातली दुसऱ्या श्रेणीची क्लब स्पर्धा. गोवा १-२ हरला. पण ब्रायसन फर्नांडिसने गोल केला, गोव्याच्याच पोराने, आणि तो सांगताना ह्याच्या डोळ्यांत पाणी. "ताई, त्या क्षणी स्टेडियम हललं गं." अल नस्रचा रोनाल्डो आलाच नाही. त्याच्यासाठी तिकिटं काढलेले पुष्कळजण हिरमुसले होते म्हणे. हा नव्हता हिरमुसला. त्याला गोव्याचा सामना बघायचा होता.

ओवाळताना मनात आलं, की ह्याला संघ आहे. मला नाही.

पुण्यात राहणाऱ्या फुटबॉलवेड्या माणसाची ही व्यथा बाहेरच्यांना कळत नाही. आमच्याकडे काय काय होऊन गेलं! पुणे एफसी होता, २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगमध्ये, दुसरा आला होता. भारत एफसी आला, एक हंगाम खेळला, गेला. डीएसके शिवाजीयन्स आला, गेला. आणि एफसी पुणे सिटी, इंडियन सुपर लीगचा आमचा संघ, २०१४ ते २०१९. सगळे बालेवाडीच्या त्याच शिवछत्रपती क्रीडा संकुलात खेळले. मैदान जागच्या जागी आहे.

एफसी पुणे सिटीबद्दल लिहायचं तर प्रशिक्षकांची नावंच लिहावी लागतील. पहिल्या वर्षी फ्रँको कोलोम्बा. दुसऱ्या वर्षी डेव्हिड प्लॅट. तिसऱ्या वर्षी अंतोनियो हबास. चौथ्या वर्षी रँको पोपोविच. पाचव्या वर्षी मिगेल आंखेल पोर्तुगाल, त्यांना हंगाम जेमतेम सुरू झाल्यावर काढलं, मध्ये प्रद्युम रेड्डींनी सांभाळलं, मग फिल ब्राउन. पाच हंगाम आणि दरवेळी नवी विटी, नवं राज्य. कुणी बचाव पक्का करायला बघतोय तोवर दुसरा येऊन आक्रमण शिकवणार. पहिली दोन वर्षं तर त्रेझेगे, मुटू अशी युरोपातली मोठी, पण कारकिर्दीच्या उतारावरची नावं आणण्यात गेली.

एकच हंगाम असा होता की संघ आपला वाटला. २०१७-१८. मार्सेलिन्हो आणि आल्फारो पुढे, कोवळा आशिक कुरुनियन बाजूने पळतोय, आणि ऑरेंज आर्मीचे, म्हणजे आमच्या समर्थकांचे, ढोल. उपांत्य फेरीत पोचलो. मार्च २०१८ मध्ये बालेवाडीला बंगळुरूशी ०-० झालं, परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीने तीन गोल मारले आणि आम्ही १-३ हरलो. योनातान लुक्काची ती फ्री किक अजून आठवते. हरलो तरी वाटलं होतं, हाच संघ, हाच प्रशिक्षक ठेवला तर पुढच्या वर्षी आपण अंतिम फेरीत. पुढच्या हंगामाच्या आधीच पोपोविच गेले.

२०१९ मध्ये संघ बंद झाला. लीगमधली आमची जागा हैदराबादला गेली. पुष्कळसे खेळाडू तिकडे गेले, ब्राउनही गेले. आणि मग जे घडलं ते मी आजही नीट पचवू शकलेले नाही. पहिल्या हंगामात हैदराबाद तळाला. मग त्यांनी मानोलो मार्केझना आणलं, त्यांच्यावर विश्वास ठेवला, तरुण भारतीय पोरांना खेळवू दिलं. दोन हंगामांत, मार्च २०२२ मध्ये, फातोर्ड्याला केरळला पेनल्टींवर हरवून ते विजेते. लक्ष्मीकांत कट्टीमणीने तीन पेनल्टी अडवल्या. म्हणजे धीर धरला असता तर जमत होतं. आमच्याकडे कुणी धीर धरलाच नाही.

आणि आता तीच जागा हैदराबादहूनही हलली. या महिन्यात स्पोर्टिंग क्लब दिल्ली नावाने ती राजधानीत गेली. हैदराबादच्या ज्या पोरांनी २०२२ ला जल्लोष केला, ती आज माझ्याच रांगेत येऊन उभी आहेत. दिल्लीवाल्यांचा राग नाही, त्यांचाही एक संघ आधी असाच गेला होता. ओडिशाला.

धाकटा म्हणतो, "मुंबईला पाठिंबा दे ना मग. आपलीच आहे." प्रयत्न केला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई सिटीचे आशियाई चॅम्पियन्स लीगचे घरचे सामने बालेवाडीला आले, कारण अंधेरीचं मैदान आशियाई निकषांत बसत नव्हतं. पहिला सामना इराणच्या नसाजीशी, हरतालिकेच्या दिवशी, १८ सप्टेंबरला. दुसऱ्या दिवशी गणपती बसणार, बाजारात पाय ठेवायला जागा नाही, तरी मी गेले. बालेवाडीला आशिया खंडातली सगळ्यात मोठी क्लब स्पर्धा! जायलाच हवं होतं. निळे झेंडे, मुंबईहून बसने आलेली पोरं, त्यांची गाणी. पोरं जीव तोडून ओरडत होती, पण स्टँड भरले नव्हते. मुंबई ०-२ हरली. त्या पोरांनाही घरचं वाटत नव्हतं आणि मलाही नाही. पुढे नोव्हेंबरात अल हिलालचा सामना नेरूळला डी. वाय. पाटीलवर झाला, तिथे पुन्हा मुंबईला मुंबई मिळाली.

म्हणून 'तटस्थ मैदान' म्हटलं की लोक एकाच सुरात बोलतात ते मला पटत नाही. नाइलाज वेगळा, विक्री वेगळी. युक्रेनच्या शाख्तार दोनेत्स्क क्लबला २०१४ पासून स्वतःच्या गावात खेळता आलेलं नाही. युद्ध आहे. ल्विव, खार्किव, कीव्ह, परदेशात हँबुर्ग, मिळेल तिथे ते 'घरचे' सामने खेळतात, आणि तो संघ जिवंत राहिला म्हणून दोनेत्स्कची माणसं देवाचे आभार मानत असतील. करोनाच्या दोन हंगामांत आपली सगळी लीग गोव्यात खेळली गेली, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, या तीन ठिकाणी. रिकाम्या खुर्च्यांसमोर. पण त्यामुळे लीग टिकली, खेळाडूंचे पगार चालले. त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही. त्यातही बिचारे गोव्याचे फॅन! २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांचा संघ आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला, तेही फातोर्ड्यालाच, आणि आत प्रवेश नाही. एदू बेदियाने इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध पहिला गोल केला तेव्हा धाकटा स्टेडियमपासून पाच मिनिटांवरच्या खोलीत मोबाइलवर बघत होता. म्हणूनच कालचा ब्रायसनचा गोल त्याच्यासाठी एवढा मोठा.

मायामीला ना युद्ध होतं ना साथ. तिथे फक्त गिऱ्हाईक होतं.

संध्याकाळी दोघांनी बराच वेळ बोलून काढला. परवापासून गोव्यात भारतीय क्लबांची सुपर कप स्पर्धा सुरू होतेय, पण खुद्द इंडियन सुपर लीगचा यंदाचा हंगाम कधी सुरू होणार याचा पत्ता नाही. भारतीय फुटबॉल महासंघाचा व्यापारी भागीदाराशी पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबरला संपतोय आणि नव्यासाठी निविदा आत्ता कुठे निघाली आहे. क्लबांनी सराव थांबवले, पगार अडकले, असं सगळीकडून ऐकू येतं. या गडबडीत खर्च वाचवायला सगळे सामने दोन-तीन ठिकाणी उरकून टाका, अशी सूचना पुढे येईलच. धाकट्याला त्याची भीती वाटत नाही, कारण तसं झालं तर गोव्याचा नंबर पहिला लागेल. मी म्हटलं, "आणि कोच्चीच्या पोरांनी काय करायचं? जमशेदपूरच्या?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "खरंय. गेल्या वेळी आमच्या गावात लीग होती आणि आम्हीच बाहेर होतो."

नवा करार कुणीही करो, त्यात दोन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात असं मला मनापासून वाटतं. घरचा सामना गावाबाहेर न्यायचा तर सीझन तिकीटवाल्यांचं मत आधी घ्यावं आणि ते बंधनकारक असावं. आणि संघाची जागा दुसऱ्या शहराला द्यायची तर आधी त्याच शहरातल्या लोकांना, क्लबांना, कंपन्यांना ती चालवायला घेण्याची संधी द्यावी, पुरेसा वेळ देऊन. जर्मनीत बहुतेक क्लबांत मतांची बहुसंख्या सभासदांकडे ठेवायचा नियम आहे, निम्म्याहून एक अधिक. तिथे कुणी रातोरात संघ उचलून दुसऱ्या शहरात नेत नाही. आपल्याकडे लगेच तेवढं होणार नाही, पण विचारायला तरी सुरुवात व्हावी.

धाकटा उद्या परत जातोय, सुपर कपची तिकिटं काढायची म्हणून. मला चल म्हणतोय. जाईन. गोव्याचा सामना त्याच्याबरोबर त्याच्या स्टँडमध्ये बसून बघेन, पाहुणी म्हणून. आणि डिसेंबरात विलारेआल-बार्सिलोना सामना ला सेरामिकावर होईल तेव्हा ऑफिसातल्या त्या बार्सिलोनावाल्याला घरी बोलावणार आहे. मी विलारेआलच्या बाजूने असेन, हे त्याला आधीच कळवलंय.