आजीचा एक्स

बाळ घरात आलं की पाचवी पुजायच्या आत त्याची वाटणी होते. म्हणजे त्याच्या नाकाडोळ्यांची. भावाला मुलगी झाली तेव्हा शिरपूरहून आलेल्या तिच्या आईकडच्या आजीने टोपडं जरा मागे सारलं आणि निकाल दिला, "नाक ते मायनं शे, पन कपाय बापनं." लगेच आमच्या रावेरकडच्या मावशा सरसावल्या. कानाच्या पाळ्या आमच्या, लांब बोटं आमची, आणि रडताना गालावर पडते ती खळी तर थेट आमच्या आजोबांची. रंगाबद्दल बाहेर कुणी चकार शब्द काढला नाही, म्हणजे आत स्वयंपाकघरात सगळ्याच बोलल्या.

शेताच्या वाटणीत बांधावरून डोकी फुटतात. गुणसूत्रांची, म्हणजे पेशीपेशीत आईबापाचे गुण वाहून आणणाऱ्या धाग्यांची, वाटणी मात्र तलाठ्याने तोंडात बोट घालावं इतकी चोख. २३ जोड्या, प्रत्येक जोडीतलं एक आईकडून, एक बापाकडून. गोम आहे ती कुठला तुकडा कुणाच्या वाट्याला, यात. आईजवळच्या प्रत्येक जोडीतही एक तिच्या आईचं आणि एक तिच्या वडिलांचं. बीजांड तयार होताना त्यातलं कुठलं पुढे जायचं, हे कुणी कुणाला विचारत नाही. २३ वेळा दोनातून एक. हिशेब मांडला तर ८३,८८,६०८ प्रकार निघतात, तेही एकट्या आईच्या बाजूने. कीर्तनात चौऱ्याऐंशी लक्ष योनींचे फेरे सांगतात, त्या आकड्यात आणि या आकड्यात फरक फक्त ११,३९२ चा. योगायोग आहे, दुसरं काही नाही, पण मला तो भारी आवडतो.

बरं, पुढे जाण्याआधी जोडीतली दोन्ही गुणसूत्रं एकमेकांना बिलगतात आणि मधलेमधले तुकडे अदलाबदल करून घेतात. त्यामुळे आईबापाचा निम्मा-निम्मा वाटा पक्का. आजी-आजोबांचा पाव-पाव मात्र सरासरीने धरायचा. एखाद्या नातवात आजी जरा जास्त उतरते, आजोबा तेवढेच कमी. शिवाय नाक हा काही एक नग नाही. शेंडा, नाकपुड्या, मधला उंचवटा, सगळ्यात कितीतरी जनुकांची लुडबुड. तेव्हा 'नाक मायनं' हा दावा पुराव्याअभावी फेटाळावा लागेल. पण मावशांना हसू नये. माणसाची गुणसूत्रं ४८ आहेत, असं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारे विद्वानही तीसेक वर्षं सांगत होते. ४६ हा आकडा टिजो आणि लेवान यांनी स्वीडनमध्ये नीट मोजून १९५६ मध्ये छापला.

केळीला ही कटकट नाही. रावेर-यावलकडे हंगाम मृगबागेचा असो की कांदेबागेचा, लागवड कंदाची, नाहीतर टिश्यूकल्चरच्या रोपांची. बी लावताना कुणी पाहिलंय? केळ्याची चकती कापली की मधोमध बारीक काळे ठिपके दिसतात, ते धरायचं राहून गेलेलं बी. रानकेळ्यात तेच चांगलं टणक असतं, दाताखाली कडकड वाजतं. आपल्या केळीत गुणसूत्रांचे संच दोन नाहीत, तीन. अकरा-अकराचे, एकूण ३३. तिघांत जोड्या लावायच्या कशा? तिथेच घोळ होतो आणि बी धरत नाही. खोडाशेजारी फुटतं ते पिल म्हणजे आईचीच हुबेहूब नक्कल. पिलबागेत उभं राहून हे कुणावर गेलं, ते कुणावर गेलं असं म्हणायची सोयच नाही. व्यापाऱ्याला हे बरं, सगळे घड एका मापाचे. पण एका झाडाला एखादा रोग बाधला की शेजारचंही तितकंच लेचंपेचं, कारण शेजारी उभं आहे ते तेच झाड. तिकडे मध्य अमेरिकेत ग्रो मिशेल नावाचं केळं अशानेच पनामा रोगापुढे हरलं आणि विसाव्या शतकाच्या मध्याला बाजारातून उठलं. त्याच्या जागी कॅव्हेंडिश कुळ आलं, आणि आमची ग्रँड नैन त्याच कुळातली.

मला म्हणून भरताचं वांगं जवळचं वाटतं. घरचं बी धरणारे एखादं देखणं वांगं झाडावरच पिवळं पडेपर्यंत राखतात, मग पाण्यात कुस्करून बी वेगळं करतात. त्यातून उगवलेली भावंडं बहुतेक एका वळणाची असतात, पण एखादं आगाऊ निघतंच.

तर आमच्या भावाची मुलगी. ती झाल्याचं कळलं तेव्हा माझ्या आईचा चेहरा थोडा वेळ उतरलेला होता. मग जिलबी मागवली गेली आणि तो सावरला. मुलगा की मुलगी हे बापाकडून एक्स नावाचं गुणसूत्र येतं की वाय, यावर ठरतं; आई देते तो एक्सच. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन बाईंनी पिठात होणाऱ्या किड्यांच्या पेशी तपासून १९०५ मध्येच नर-मादीचं कोडं गुणसूत्रांपाशी आणून ठेवलं होतं. आमच्याकडे बोल अजून सुनेलाच लागतो. पण खरी गंमत पुढेच आहे. बापाजवळ एक्स एकच, आणि तो त्याला त्याच्या आईने दिलेला. अदलाबदलीला दुसरा एक्स नसल्यामुळे टोकाचे चिमूटभर तुकडे सोडले तर तो जसाच्या तसा मुलीकडे जातो. मुलाला मिळतो वाय, म्हणजे आजोबांचा. त्या वायवर प्रथिनं घडवणारी जनुकं शंभराच्या आसपास, एक्सवर आठशेच्या वर आहेत. वंशाच्या दिव्यासाठी जी आजी मनुदेवीला नवस बोलते, तिचा एक्स त्या दिव्याकडे फिरकतही नाही. तो सगळाच्या सगळा, जिचं तोंड बघून ती हिरमुसते, त्या नातीकडे.

हे आईला सांगितलं. तिने दोनदा समजावून घेतलं, आणि तेव्हापासून त्या पोरीवर तिचा कायदेशीर ताबा आहे. रात्री दोनला भोकाड पसरलं तरी म्हणते, "माझंच आहे ते, मला ठाऊक आहे." शिरपूरच्या आजी मात्र अशा हार मानणाऱ्या नव्हेत. परवा त्यांनी फोनवरून शांतपणे विचारलं, "आनि दुसरा एक्स कोना शे?" त्यांना वाटतं, तो सबंध त्यांचा. त्यात त्यांच्या यजमानांचाही साधारण निम्मा हिस्सा असणार, हे मी अजून त्यांच्या कानावर घातलेलं नाही.