तुम्ही विचारलंत म्हणून : सहलीत चित्रे काढायला वेळ कधी मिळतो?

परदेशातून परतल्यावर माझी चित्रांची वही जो कोणी चाळतो, तो हमखास विचारतो, “घरची माणसे बरोबर असताना तुम्हाला एवढा वेळ मिळतो तरी कसा?” खरे उत्तर थोडे ओशाळवाणे आहे : तो वेळ मला आईच्या गुडघ्यांनी मिळवून दिला.

स्वित्झर्लंडमधील ल्युसर्नला बायको आणि मुलगी घड्याळांच्या दुकानात शिरल्या, तेव्हा आई म्हणाली, “तुम्ही फिरा, मी इथेच टेकते.” तिला एकटीला सोडवेना, म्हणून मीही रॉइस नदीकाठच्या बाकावर बसलो. समोर चौदाव्या शतकातील लाकडी चॅपल ब्रिज होता. त्याचे फोटो मी तासाभरापूर्वीच काढले होते. पण तो नदीला तिरका छेद देत मध्येच वळतो, हे पेन्सिलीची रेष दोनदा चुकल्यावर लक्षात आले. पुलालगतच्या अष्टकोनी जलमनोऱ्याचे नाव ऐकून आईला आपल्याकडची पाण्याची टाकी आठवली. प्रत्यक्षात तो पाण्यात उभा आहे म्हणून ते नाव, आणि आत एके काळी तुरुंग होता, खजिनाही होता. पुलाच्या छताखाली सतराव्या शतकातील त्रिकोणी चित्रफलक होते, त्यांतील बरेचसे १९९३ च्या आगीत जळाले. आईच्या चालीने पूल ओलांडला म्हणूनच उरलेले नीट पाहता आले.

साहित्य म्हणाल, तर बारा वड्यांची जलरंगांची पेटी, दांड्यात पाणी भरता येणारा ब्रश आणि जाड (चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या) कागदाची छोटी वही, एवढेच. रंगांच्या वड्या सुक्या असल्यामुळे विमानात त्यांची अडचण होत नाही. पेन्सिल तासायचा चाकू मात्र हातातल्या सामानात ठेवू नये. एडिंबरोच्या दमट हवेत आकाश वाळायच्या आत निघायची हाक आली, मी वही मिटली, आणि किल्ला समोरच्या कोऱ्या पानावरही उमटला. तेव्हापासून अशा हवेत मी फक्त पेनाने काढतो.

संग्रहालयांत बहुधा पेन्सिलच चालते, आणि ते मला पटते. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये चित्रकार रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या चित्रासमोर मी त्यातल्या माणसांच्या गर्दीत अडकलो असताना मुलीने ढोलवाल्यावर भुंकणारा कुत्रा तेवढा काढून घेतला. माझ्यापेक्षा तिचे चित्र सरस होते, हे घरी सगळ्यांनी एकमुखाने सांगितले.

आता आमचा करार आहे : एका ठिकाणी वीस मिनिटे, त्यानंतर कुरकुर न करता उठायचे. राहिलेली चित्रे मी घरी फोटो पाहून पुरी करत नाही, कारण तसे केले की त्यांत न पाहिलेले तपशील शिरतात. ल्युसर्नच्या चित्रात खालच्या कोपऱ्यात बाकाला टेकवलेली काठी आहे. शेजारी आईला काढायचे होते, पण तेवढ्यात दुकानातून दोघी आल्या आणि ती उठून उभी राहिली.