सात सक बेचाळीस, ऐकू येतंय का

माझं काम कुणाला समजावून सांगायचं म्हणजे पंचाईतच असते. "सॉफ्टवेअर टेस्टिंग" इथपर्यंत ठीक, पण पुढे कुणी विचारलंच की नक्की काय टेस्ट करतेस, तर सध्याचं खरं उत्तर असं आहे की मी एका खोलीत एकटी बसून तीन जणी होते आणि एकमेकींना गप्प करते.

ऑनलाइन मीटिंगचं सॉफ्टवेअर आहे, त्यातलं ऑडिओ परमिशनचं खातं माझ्याकडे. बोलायची परवानगी कुणाला, नुसतं ऐकायची कुणाला, होस्टने माईक बंद केला तर तो खरंच बंद होतो का, परत चालू करायला विचारावं लागतं का आणि विचारलं तर ते होस्टला दिसतं का, असलं सगळं. त्यासाठी टेबलावर दोन लॅपटॉप आणि एक फोन. एका लॅपटॉपवर मी होस्ट, दुसऱ्यावर साधी पार्टिसिपंट, फोनवर पाहुणी. सुरुवातीला टेस्ट वन, टेस्ट टू अशी नावं टाकायचे पण दुपारपर्यंत कोण कुठली तेच कळेनासं व्हायचं, म्हणून आता "मालकीण", "बोलकी" आणि "नुसतं ऐकतेय" अशी नावं देते.

पहिल्याच दिवशी तिघींचे माईक एकदम चालू केले आणि जी काय शिट्टी वाजली की बास. एकीच्या स्पीकरचा आवाज दुसरीच्या माईकमध्ये, तिथून तिसरीच्या स्पीकरमध्ये, तिथून परत पहिलीकडे, आणि प्रत्येक फेरीत मोठा होत. इको कॅन्सलेशन असतं ना, मग असं कसं, तर ते बिचारं आपल्या स्वतःच्या स्पीकरमधून काय वाजलं तेवढं ओळखून माईकच्या आवाजातून वजा करतं. शेजारचा लॅपटॉप काय वाजवतोय याचा त्याला पत्ताच नसतो. तेव्हापासून एक हेडफोन डाव्या कानावर, दुसरा उजव्या कानावर आणि फोनचे इअरफोन गळ्यात, असा माझा अवतार असतो. दारावर कुणी आलं की आधी हे सगळं सोडवायचं.

मग प्रश्न आला की बोलायचं काय. आपण सगळेच माईक दिसला की हॅलो हॅलो करतो, पण टेस्टिंगला हॅलो निरुपयोगी, कारण सगळे हॅलो सारखेच. म्यूट दाबल्यावर शेवटचा कुठला हॅलो पलीकडे पोचला हे कसं सांगणार? म्हणून आकडे मोजायला लागले. एक दोन तीन करत सतरावर म्यूट दाबायचं आणि पलीकडे अठरा ऐकू आलं तर काहीतरी उशीर होतोय. पण वीसच्या पुढे गेले की आपली भाषाच घोळ घालते. अनम्यूट केल्यावर पहिलं अक्षर कधीकधी खाल्लं जातं, मग कानात येतं नुसतं "...वीस". आता हे एकवीस, बावीस, तेवीस की अठ्ठावीस? सोमवार मंगळवार करून पाहिलं, त्यात सगळंच "...वार". शेवटी पाढ्यांवर आले. पाढा कुठेही तोडा, उरलेल्या तुकड्यावरून कुठे तुटला ते बरोबर कळतं, कारण पुढचं मागचं आपल्याला पाठच असतं. सातचा पाढा सगळ्यात बरा, फार सोपा नाही म्हणून लक्ष लागतं आणि फार अवघड नाही म्हणून चुकत नाही. तर आता माझे बग रिपोर्ट असे असतात की "सात पंचे पस्तीसवर होस्टने म्यूट केलं, सात सक बेचाळीस पूर्ण ऐकू आलं." डेव्हलपर आधी हसला, आता तोच विचारतो की कितीपर्यंत गेलं.

हे झालं गमतीचं. खरी डोकेदुखी अशी की माझ्या निम्म्या टेस्ट आवाज येण्याच्या नसतातच, न येण्याच्या असतात. आवाज आला तर आला, त्यात वाद नाही. पण नाही आला तर तो नेमका कुणामुळे नाही आला, हे आवाज न येण्यावरून कळत नाही.

कारण तुमच्या तोंडापासून समोरच्याच्या कानापर्यंत परवानगी देणारे किती जण बसलेत बघा. हेडसेटच्या वायरीवर एक बारकं बटण असतं, तिथून सुरुवात. मग ऑपरेटिंग सिस्टिम, मॅकवर २०१८ च्या मोहावी नावाच्या व्हर्जनपासून माईक हवा असेल तर प्रत्येक ॲपला विचारावंच लागतं, ब्राउझरलासुद्धा. मग तो ब्राउझर तुम्हाला विचारतो की या साइटला माईक देऊ का. साइट दुसऱ्याच कुठल्या पानाच्या आत चौकटीत बसवलेली असेल तर बाहेरच्या पानाने पण हो म्हणायला लागतं, हे तर बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. आणि हे सगळं पार केल्यावर शेवटी होस्ट. यातल्या कुणालाही विचारा, आमच्याकडून हो आहे, पुढे बघा. सरकारी कामासारखं.

त्यातल्या त्यात ब्राउझर जरा बोलतो तरी. तुम्ही नाही म्हणालात तर नॉट अलाउड एरर, माईकच सापडला नाही तर नॉट फाउंड, माईक आहे पण दुसरंच कुठलं ॲप त्याला धरून बसलंय तर नॉट रीडेबल. तीन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी, पण आमच्या पहिल्या व्हर्जनमध्ये तिन्हीला एकच मेसेज होता, "माईक सुरू करता आला नाही." म्हणजे डॉक्टरने सांगावं की तुम्हाला बरं वाटत नाहीये. तो मेसेज बदलून घ्यायला मला तीन मीटिंगा लागल्या आणि त्यातल्या एका मीटिंगला माझाच माईक सुरू झाला नव्हता, खोटं नाही सांगत.

ब्राउझरच्या त्या खिडकीबद्दल पण सांगायला पाहिजे. हो आणि नाही म्हणायची बटणं सगळ्यांना माहिती असतात पण लोक करतात काय, तर कोपऱ्यातली फुली दाबतात. घाईत असतात, ती खिडकी मध्ये येते, फुली. फुली म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही, त्यामुळे पुढच्या वेळी परत विचारलं जातं. पण क्रोममध्ये एकाच साइटला असं तीनदा केलंत तर तो काही दिवस विचारणंच बंद करतो, त्याच्या लेखी तुम्ही कंटाळलात. माणूस मग शपथेवर सांगतो की मी कध्धीच ब्लॉक केलं नाही, आणि खरंच केलेलं नसतं. हे मला कळलं ते स्वतःच्या लॅपटॉपवर, कारण दिवसभर ती फुली दाबायचं काम माझंच होतं.

आणखी एक दिवस असाच गेला. लॅपटॉपवर सगळं झकास चालत होतं, फोनवर मात्र माईक मागायची खिडकीच येईना. फोन बदलला, ब्राउझर बदलला, सेटिंग्ज तीनदा पालथ्या घातल्या. मग संध्याकाळी ट्यूब पेटली. लॅपटॉपवर मी लोकलहोस्ट, म्हणजे त्याच लॅपटॉपवर चाललेली साइट, उघडत होते, त्याला ब्राउझर घरचं समजतो. फोनवर तीच साइट लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी ॲड्रेस) टाकून साध्या, म्हणजे सुरक्षित नसलेल्या, एचटीटीपीने उघडली होती, आणि क्रोमने २०१५ च्या शेवटीच एचटीटीपीवाल्या साइटना माईक द्यायचं बंद केलंय. कुलूप नसलेल्या घरात तो माईक पाठवतच नाही, विचारायचा प्रश्नच येत नाही. बरोबरच आहे म्हणा, पण मला संध्याकाळी सातला कुणी बरोबर असलेलं आवडत नाही.

आता माझी सगळ्यात मोठी फजिती. होस्ट सगळ्यांना लॉक करतो, लॉक केल्यावर पार्टिसिपंटने काहीही केलं तरी आवाज जाता कामा नये, अशा ओळीने टेस्ट होत्या. बोलकी लॉक, पाढा म्हटला, मालकिणीला ऐकू आला नाही, पास. पेज रिफ्रेश करून पाढा, पास. बाहेर पडून परत आत येऊन पाढा, पास. फोनवरून पाढा... दुपारभर पास पास पास, मी इतकी खूश की मध्येच चहा पिऊन आले. मग लॉक काढला आणि आता आवाज यायला पाहिजे ही टेस्ट घेतली, तर आवाज नाही. रिफ्रेश, नाही. अर्ध्या तासाने लक्ष गेलं की वायरीवरचं बारकं बटण दाबलं गेलंय, आणि फोनचे इअरफोन गळ्यात लटकत होते त्यांचा माईक बोटाखाली झाकला जात होता की काय कोण जाणे. म्हणजे दुपारभर मी पास केलं ते काय? आमच्या लॉकची परीक्षा झालीच नव्हती, मी गुपचूप बसलेल्या खोलीला गप्प केल्याबद्दल सर्टिफिकेट देत होते.

सगळ्या टेस्ट परत केल्या. तेव्हापासून नियमच केलाय की गप्प करायच्या आधी बोलून दाखवायचं. आधी सात एके सात पलीकडे खणखणीत ऐकू आलं पाहिजे, मग लॉक, मग सात दुणे, मग लॉक काढून सात त्रिक परत ऐकू आलं पाहिजे. मधली शांतता तेव्हाच मोजायची जेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना आवाज असेल. असं केल्यावर दुसऱ्याच दिवशी खरा बग सापडला. वायफाय दोन सेकंद गेलं, बोलकी आपोआप परत जोडली गेली आणि लॉक विसरून थेट बोलायलाच लागली. आधीच्या दुपारी तोच बग माझ्यासमोरून गेला असणार, मी चहा पीत होते.

ऑटोमेशनमध्ये, म्हणजे टेस्ट आपोआप चालवायच्या तेव्हा, पण हेच आहे. क्रोमला सांगता येतं की खोटा माईक घे, मग तो ठरावीक वेळाने पिप पिप आवाज पाठवत बसतो, माझ्या पाढ्यापेक्षा शिस्तीत. आणि ती परवानगीची खिडकी दाखवूच नको, परस्पर हो म्हण, असंही सांगता येतं. रात्रभर शेकडो टेस्ट धावतात, सगळ्या हो म्हणतात. फक्त परवानगीचं कंट्रोल टेस्ट करताना "नाही" म्हणणारं कुणीतरी लागतं, हे सगळ्यात शेवटी आठवतं.

यातला मला मनापासून आवडणारा भाग म्हणजे होस्टचे हात कुठपर्यंत पोचतात तो. कुणाचाही माईक बंद करायचा हक्क होस्टला असतो, पण बंद माईक परस्पर चालू करायचा नसतो. गूगल मीटमध्ये होस्ट म्यूट करू शकतो, अनम्यूट ज्याचं त्याने करायचं. झूममध्ये होस्ट अनम्यूट करायची विनंती पाठवतो, हो समोरच्याने म्हणायचं. बिगब्लूबटन या ऑनलाइन वर्गांच्या सॉफ्टवेअरमध्ये तर लॉक फक्त साध्या प्रेक्षकांना लागतो, मॉडरेटरला लागतच नाही. दुसऱ्याला गप्प करणं चालतं पण त्याच्या घरातला आवाज त्याच्या नकळत बाहेर आणणं चालत नाही, आणि हा फरक कुणीतरी शांतपणे बसून विचार करून ठरवलाय याचं मला बरं वाटतं. एका क्लायंटला पाहिजे होतं तसलं बटण, "सगळ्यांना अनम्यूट करा". बराच वाद झाला, शेवटी नाही दिलं.

आणि तो ठिपका. आयफोनवर २०२० पासून माईक चालू असला की वर नारिंगी ठिपका येतो, अँड्रॉइडवर २०२१ च्या बाराव्या व्हर्जनपासून हिरवी खूण. लोक विचारतात मी म्यूट आहे मग ठिपका का? कारण बऱ्याच ठिकाणी म्यूट म्हणजे माईक सोडून देणं नसतं, माईक धरलेलाच असतो, फक्त त्यातून शांतता पाठवली जाते, म्हणजे परत बोलायचं झालं तर पटकन बोलता यावं. आपण म्यूटवर बडबडलो की "तुम्ही म्यूटवर आहात" असं ॲप सांगतं ना, ते ऐकल्याशिवाय कसं सांगेल? विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या लोकांनी २०२२ मध्ये म्यूट केल्यावर मीटिंगची ॲप माईकचं नेमकं काय करतात याचाच अभ्यास केला होता. तो वाचल्यापासून मी वायरीवरच्या बारक्या बटणाला फार शिव्या देत नाही.

सध्या वाद अडकलाय तो वेगळ्याच ठिकाणी. कुणीतरी बोलतंय आणि त्याच क्षणी होस्टने लॉक दाबला, तर वाक्य मध्येच तोडायचं का? डेव्हलपर म्हणतो ताबडतोब, लॉक म्हणजे लॉक. डिझाइनवाली म्हणते दोन सेकंद द्या, निदान सूचना तरी दाखवा, माणूस आहे तो. मला दोघांचंही पटतं, त्यामुळे अपेक्षित निकालाच्या रकान्यात अजून काहीच लिहिलेलं नाही.

काल रात्री तेच करून बघत होते, घरी, दार लोटून. सात एके सात, सात दुणे चौदा, आवाज मस्त जात होता, सात पंचे पस्तीस, सात सक... आणि मालकिणीच्या लॅपटॉपवर लॉक दाबला. दोन्ही कानात एकदम गप्प. अगदी "सक" वर तुटलं, स्वच्छ. मी वहीत लिहायला लागले.

"बेचाळीस!" आतल्या खोलीतून लेक ओरडली. "आई, सात सक बेचाळीस. रोज तिथेच अडतेस."