मळमळीसाठी नेइग्वान: बिंदू नेमका कुठे?

मळमळीवर चिनी वैद्यकात हमखास वापरला जाणारा बिंदू म्हणजे नेइग्वान, पेरिकार्डियम मार्गिकेवरचा (चिनी वैद्यकाने मानलेल्या ऊर्जेच्या वाटांपैकी एक) सहावा. तळहात वर ठेवा. मनगटाच्या घडीला लागून दुसऱ्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका आडवी टेकवा. कोपराकडच्या बोटाच्या कडेला, दोन कंडरांमधल्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्या) खाचेत तो सापडतो. मूठ हलकेच वळवली की कंडरा वर येतात. काहींच्या हातात त्यातली एक जन्मतःच नसते. त्यांनी हाताच्या मध्यरेषेवर शोधावा.

माप ज्याचं मनगट त्याच्याच बोटांनी घ्यायचं. आईने आपल्या बोटांनी लेकराचं मोजलं तर बिंदू कोपराकडे सरकतो. सर्वांत जास्त चूक इथेच होते, आणि मग ‘उपयोगच होत नाही’ म्हणून सोडून दिलं जातं.

अंगठ्याने 2-3 मिनिटं दाबा, मग दुसरा हात. बोटांत मुंग्या आल्या तर जोर कमी करा. खालून मीडियन नर्व्ह, म्हणजे बोटांना संवेदना देणारी नस, जाते. म्हणूनच इथे अ‍ॅक्युपंक्चरची सुई फक्त प्रशिक्षित हातानेच, निर्जंतुक आणि एकदाच वापरायची.

शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीसाठी या बिंदूचा पुरावा चांगला आहे, प्रवासातल्या मळमळीसाठी कच्चा. उलटीत रक्त दिसलं किंवा पाणीही टिकेना, तर दाबत बसू नका, डॉक्टरांकडे जा.